१,२३,४५,६७,८९० : एका दहा अंकी संख्येची कागदावर चिरफाड

एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद. कीबोर्डची वरची ओळ डावीकडून उजवीकडे दाबत गेलं की ही संख्या तयार होते. सॉफ्टवेअर तपासणारे ती नमुना म्हणून फॉर्ममध्ये टाकतात आणि विसरून जातात. पण मोठी संख्या हातानं कशी तपासायची हे शिकायला तिच्याइतकी सोयीची संख्या शोधून सापडायची नाही. ती पुरेशी मोठी आहे, पण आवाक्याबाहेरची नाही, आणि तिच्यात एक अशी गंमत दडलेली आहे की योग्य क्रमानं गेलं तर पाचशे भागाकार वाचतात.

कागद, पेन्सिल आणि तासभर निवांत वेळ एवढं पुरे. कॅल्क्युलेटर शेवटी पडताळ्यापुरता वापरा.

कामाचा क्रम ठरलेला आहे. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ही संख्या दोन वर्गांची बेरीज आहे का, असल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं मूळ अवयवांतून निघतात. म्हणून अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच खर्च करायचा. अवयव चुकले तर पुढचं सगळं चुकतं, आणि ते चुकलंय हे सहसा लक्षातही येत नाही.

छोटे अवयव आधी बाजूला काढा

शेवटी ० आहे, म्हणजे २ आणि ५ आले. १० ने भागून उरले १२३४५६७८९. आता शेवटचा अंक विषम आहे आणि तो ५ नाही, त्यामुळे २ आणि ५ यांचं काम संपलं. दोन्ही एकेकदाच आहेत.

अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो. भागाकार पूर्ण लिहून काढा: १२ मधून १, बाकी ३; ३३ मधून ३, बाकी ६; ६४ मधून ७, बाकी १; १५ मधून १, बाकी ६; ६६ मधून ७, बाकी ३; ३७ मधून ४, बाकी १; १८ मधून २, बाकी शून्य; शेवटच्या ९ मधून १. भागाकार आला १३७१७४२१.

३ अजून शिल्लक आहे का? नव्या संख्येच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे नाही. ही तपासणी पुष्कळजण गाळतात. दुसरी चूक याच्या उलट: अंकांच्या बेरजेला २७ ने भाग जातो म्हणजे संख्येलाही जातो, असं गृहीत धरणं. तसा नियमच नाही. १८९९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर बाकी ९ उरते. अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. त्यापुढे प्रत्यक्ष भागून पाहायचं.

९० बाजूला काढल्याचा फायदा नुसता संख्या लहान होण्यापुरता नाही. अवयव शोधताना वर्गमुळापर्यंतच जावं लागतं. १२३४५६७८९० चं वर्गमूळ ३५१३६ च्या जरा पुढे आहे. १३७१७४२१ चं वर्गमूळ मात्र सुमारे ३७०३.७. शोधाची हद्द एका झटक्यात जवळजवळ दहाव्या भागावर आली.

७, ११ आणि १३ एकदम

या तिघांचा गुणाकार १००१. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीनं मिळवत-वजा करत जायचं. इथेच मराठी माणूस हमखास अडखळतो. आपले स्वल्पविराम १,३७,१७,४२१ असे पडतात, तीन अंकांनंतर दोन-दोनाचे. या कसोटीत ते चालत नाहीत. गट १३ | ७१७ | ४२१ असेच हवेत. स्वल्पविराम आधी पुसून टाका आणि मग गट पाडा.

४२१ − ७१७ + १३ = −२८३. चिन्ह सोडून द्या. २८३ ला ७ ने भागून ३ उरतात, ११ ने ८, १३ ने १०. तिघेही बाद.

तेच गट नुसते मिळवले तर ३७ ची कसोटी मिळते, कारण ९९९ ला ३७ ने भाग जातो. १३ + ७१७ + ४२१ = ११५१, त्याचे पुन्हा गट करून १ + १५१ = १५२, आणि १५२ मध्ये ३७ चे चार पट गेले की ४ उरतात. ३७ बाद.

आता समोर दोन वाटा आहेत. सरळ वाट म्हणजे १७, १९, २३ अशी एकेक मूळ संख्या घेऊन भागत राहणं. ती कुठे संपेल? पहिला अवयव ३६०७ वर सापडतो, आणि ३६०७ ही ओळीनं ५०४ वी मूळ संख्या आहे. म्हणजे पहिल्या सहा सोडल्या तरी ४९८ भागाकार. संध्याकाळ गेली.

फर्मांची वाट: दोन वर्गांची वजाबाकी

फ्रेंच गणिती पिएर द फर्मा यांनी १६४३ च्या सुमारास एका पत्रात २०२७६५१२८१ या संख्येचे अवयव पाडून दाखवले: ४४०२१ आणि ४६०६१. त्यांची युक्ती साधी होती. विषम संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर त्या अवयवांची सरासरी क्ष आणि त्यांच्यातल्या फरकाचा निम्मा भाग य घेतला की ती संख्या क्ष² − य² इतकी असते. मग क्ष ची किंमत वर्गमुळाच्या लगेच वरून सुरू करून एकेक वाढवत न्यायची आणि क्ष² मधून संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरतो का हे बघायचं. फर्मांच्या त्या संख्येला बारा पायऱ्या लागतात.

आपल्याकडे वर्गमूळ हवं. ३७०० चा वर्ग १३६९००००. फरक २७४२१. त्याला ७४०० ने (३७०० च्या दुपटीने) भागलं की साधारण ३.७. म्हणून सुरुवात ३७०४ पासून.

३७०४² = १३७१९६१६. वजा १३७१७४२१, उरले २१९५. हा पूर्ण वर्ग नाही, आणि ते ओळखायला वर्गमूळ काढायची गरज नाही: ५ वर संपणारा वर्ग नेहमी २५ वरच संपतो, इथे शेवटी ९५ आहेत.

३७०५² काढायला शाळेतली युक्ती पुरते. ५ आधीचा भाग ३७०, त्याला पुढच्या ३७१ ने गुणून १३७२७०, पुढे २५ चिकटवले: १३७२७०२५. वजा १३७१७४२१, उरले ९६०४. शंभरातून दोन कमी, म्हणजे ९८, आणि ९८ चा वर्ग बरोबर ९६०४.

झालं. ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३.

खरं तर पहिली पायरीही टाळता आली असती. पूर्ण वर्गाला ४ ने भागलं की बाकी ० किंवा १ उरते. १३७१७४२१ ला ४ ने भागून १ उरतो, म्हणजे क्ष² ची बाकी १ आणि य² ची ० असलीच पाहिजे. क्ष विषम हवा. ३७०४ सम असल्यानं त्याला हात लावायचं कारणच नव्हतं. पहिल्याच प्रयत्नात काम फत्ते.

ही पद्धत कुठे अडते तेही ठाऊक असायला हवं. अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती झटपट चालते. एक अवयव लहान आणि दुसरा अवाढव्य असेल तर क्ष वाढवता वाढवता हात दुखतो. म्हणून छोटे अवयव भागाकारानं आधीच काढून टाकायचे, आणि उरलेल्या संख्येवर फर्मांना वीसेक पायऱ्यांची संधी द्यायची. तेवढ्यात जमलं नाही तर मुकाट्यानं भागाकारांकडे वळावं.

आणखी एक सापळा. कुणी घाईनं मूळ १२३४५६७८९० वरच ही पद्धत लावली तर ती कधीच संपणार नाही. या संख्येला ४ ने भागून २ उरतात, आणि दोन वर्गांच्या वजाबाकीची बाकी २ येऊच शकत नाही. २ चा अवयव आधी निघालाच पाहिजे. ९ मात्र राहिला तरी बिघडत नाही: १२३४५६७८९ वर क्ष = ११११५ घेतला (अंक मोजून लिहा, इथे एकाचा अंक हमखास जास्त पडतो) तर त्याचा वर्ग १२३५४३२२५, उरतात ८६४३६, म्हणजे २९४ चा वर्ग. पण मिळणारे १०८२१ आणि ११४०९ दोघेही ३ ने भाग जाणारे, म्हणजे काम अर्धवटच.

३६०७ आणि ३८०३ खरंच मूळ आहेत का?

हे न तपासता पुढे जाऊ नका. इथे साधा भागाकारच बरा. ३६०७ वर फर्मांची पद्धत लावली तर ६१ पासून थेट १८०४ पर्यंत चढावं लागेल, तर भागाकार फक्त १४ पुरतात, कारण वर्गमूळ ६० च्या किंचित वर आहे. ७ ते ५९ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागल्यावर बाक्या ओळीनं अशा येतात: २, १०, ६, ३, १६, १९, ११, ११, १८, ४०, ३८, ३५, ३, ८. एकही शून्य नाही.

३८०३ चं वर्गमूळ ६१.६ च्या पुढे असल्यानं ६१ ही घ्यावी लागते. ती विसरणं ही नेहमीची चूक. बाक्या: २, ८, ७, १२, ३, ८, ४, २१, २९, ३१, १९, ४३, ४०, २७, २१. हीसुद्धा मूळ.

तेव्हा अंतिम मांडणी: १२३४५६७८९० = २ × ३² × ५ × ३६०७ × ३८०३.

पडताळा नवाच्या बाकीनं घ्या. ३६०७ च्या अंकांची बेरीज १६, तिची ७. ३८०३ ची १४, तिची ५. सात पंचे पस्तीस, त्याची ८. तिकडे १३७१७४२१ ची २६, म्हणजे ८. जुळलं. मात्र दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर हा पडताळा ती पकडत नाही, कारण बेरीज तीच राहते. त्यासाठी ११ ची बाकीही बघावी. लिनक्स असेल तर ‘फॅक्टर’ ही आज्ञा हेच पाच वेगळे अवयव, ३ दोनदा लिहून, क्षणात दाखवते.

४८ विभाजक, एकही न विसरता

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा: २ × ३ × २ × २ × २ = ४८. यादी करताना मात्र मनात येईल तसे विभाजक लिहीत गेलात तर दोन-चार नक्की सुटतात. आधी ९० चे बारा लिहा: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५, ९०. मग हीच ओळ ३६०७ ने गुणून, ३८०३ ने गुणून आणि १३७१७४२१ ने गुणून लिहा. बारा चोक अठ्ठेचाळीस.

यादीकडे नीट पाहिलं तर दिसतं की ९० नंतरचा विभाजक थेट ३६०७. मध्ये साडेतीन हजारांची मोकळी जागा. आणि वर्गमुळाच्या सगळ्यांत जवळची जोडी ३४२२७ × ३६०७० (३८०३ ची नऊपट आणि ३६०७ ची दहापट). एवढ्या चौरस फरश्या आयताकृती अंगणात बसवायच्या तर चौरसाच्या सर्वांत जवळ जाणारं अंगण हेच.

विभाजकांची बेरीज: (१ + २)(१ + ३ + ९)(१ + ५)(१ + ३६०७)(१ + ३८०३) = ३ × १३ × ६ × ३६०८ × ३८०४ = ३२११६१०६८८. दुसऱ्या कंसात चूक होते: कुणी १ + ९ लिहितं, कुणी (१ + ३) दोनदा घेतं. ३² चे विभाजक तीन आहेत, तिघांची बेरीज १३.

उत्तराचा अंदाज आधीच बांधता येतो. नुसत्या ९० साठी विभाजकांची बेरीज आणि संख्या यांचं प्रमाण २३४ भागिले ९०, म्हणजे २.६. बेरीज आपल्या संख्येच्या २.६ पटीहून जराशीच जास्त हवी. १२३४५६७८९० × २.६ = ३२०९८७६५१४, आणि आपलं उत्तर त्याच्या किंचित वर आहे. (या मधल्या संख्येतही ० ते ९ सगळे अंक एकेकदा आलेत. निव्वळ योगायोग, पण देखणा.) स्वतः संख्या वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज १९७७०४२७९८, संख्येपेक्षा मोठी. ते आधीच माहीत होतं: ६ पेक्षा मोठ्या, ६ च्या कोणत्याही पटीत असंच होतं.

१ पासून या संख्येपर्यंत तिच्याशी सहमूळ असलेल्या (म्हणजे १ सोडून तिच्याशी एकही विभाजक सामाईक नसलेल्या) संख्या किती? १ × (३ × २) × ४ × ३६०६ × ३८०२ = ३२९०४०२८८. इथेही अंदाज सोपा: एकूण संख्यांच्या चार-पंधरांशापेक्षा थोडं कमी.

दोन वर्गांची बेरीज होते का?

होत नाही, आणि इथे फसायला सोपं आहे. १३७१७४२१ ला ४ ने भागून १ उरतो, म्हणून ‘हो, जमेल’ असं वाटतं. तो नियम मूळ संख्येपुरता आहे. संयुक्त संख्येत, ४ ने भागून ३ उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असावा लागतो. ३ चा घातांक २, तो चालेल. पण ३६०७ आणि ३८०३ दोघांचीही बाकी ३ आहे आणि ते एकेकदाच येतात. दोन विषम बाक्यांचा गुणाकार होऊन एकूण बाकी १ झाली, एवढंच.

अंकांचे गुण आणि देवळालीचे कापरेकर

आतापर्यंतचे गुण संख्येचे होते. आपण ती दशमान पद्धतीत लिहितो म्हणून येणारे गुण वेगळे. या प्रांतात नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकी करणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचं (१९०५–१९८६) नाव टाळून पुढे जाताच येत नाही.

अंकांच्या बेरजेनं जिला भाग जातो तिला कापरेकरांनी हर्षद संख्या म्हटलं. इथे बेरीज ४५, भागाकार २७४३४८४२, बाकी शून्य. शेवटच्या शून्याचीच ही करामत: १२३४५६७८९ च्या अंकांची बेरीजही ४५, पण ५ ने भागच जात नाही. दहाही अंक एकेकदा वापरून केलेली कोणतीही संख्या ९ च्या पटीत असते. तेव्हा ती मूळ असणं अशक्य, आणि शेवटी ० किंवा ५ असेल तरच ती हर्षद.

कापरेकरांची प्रसिद्ध क्रिया म्हणजे अंक उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करणं. चार अंकांत (चारही अंक सारखे नसतील तर) ती पुन्हा पुन्हा केली की ६१७४ वर येऊन थांबते. आपल्या संख्येवर करून बघा: ९८७६५४३२१० − ०१२३४५६७८९ = ९७५३०८६४२१. उत्तरात पुन्हा तेच दहा अंक. म्हणजे पुढच्या वेळीही हीच वजाबाकी, हेच उत्तर. एका पायरीत संख्या स्थिरावली. पुढचं शून्य लिहायला विसरू नका. इथे ते गळलं तरी किंमत बदलत नाही, पण इतर संख्यांवर क्रिया करताना अंकांची संख्या घटली की सगळा क्रम बिघडतो.

आता २, ४, ५, ७, ८ यांनी गुणा: २४६९१३५७८०, ४९३८२७१५६०, ६१७२८३९४५०, ८६४१९७५२३०, ९८७६५४३१२०. दरवेळी दहाही अंक एकेकदा. ३ आणि ६ ने मात्र घोटाळा: ३७०३७०३६७० आणि ७४०७४०७३४०. ९ शी ज्यांचा ३ हा अवयव सामाईक आहे तेच गुणक घात करतात.

संगणकात टाकताना

द्विमान पद्धतीत ही संख्या ३१ अंकी होते आणि त्यात १२ एकं असतात: १००१००११००१०११०००००००१०११०१००१०. चिन्हासह ३२ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा २१४७४८३६४७, त्यामुळे ही सुखानं मावते. म्हणूनच चाचणीसाठी ती वाईट निवड आहे. भारतातले मोबाइल क्रमांक ६ ते ९ ने सुरू होतात. ते सगळे बिनचिन्ह मर्यादेच्याही (४२९४९६७२९५) वर जातात. चाचणीत १२३४५६७८९० चालली म्हणून क्रमांकासाठी ३२ बिटांचा रकाना ठेवला की पहिल्याच खऱ्या ग्राहकाला तो कोसळतो. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणूनच साठवावा.

वर्ग करताना आणखी जपा. खरं उत्तर १५२४१५७८७५०१९०५२१००, १९ अंकी. एक्सेल १५ अंकांपुढे शून्यं भरतं, म्हणून शेवटचे २१०० हरवतात. ६४ बिटांच्या पूर्णांकात वर्ग मावतो, घन मावत नाही. पायथनमध्ये ही अडचण येतच नाही.

आणि ही संख्या सेकंद मानली तर? युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं. ८६४०० ने भागा: १४२८८ दिवस आणि ८४६९० सेकंद, म्हणजे २३ तास ३१ मिनिटं ३० सेकंद. ३९ वर्षांचे १४२३५ दिवस, त्यात १९७२ ते २००८ मधली १० लीप वर्षं मिळवून १४२४५. उरले ४३. १ जानेवारी २००९ च्या पुढे ४३ दिवस म्हणजे १३ फेब्रुवारी. वार काढायला १४२८८ ला ७ ने भागा, बाकी १. पहिला दिवस गुरुवार होता, म्हणून शुक्रवार. भारतात साडेपाच तास पुढे, तेव्हा इथे शनिवार १४ फेब्रुवारी २००९ ची पहाट होती, ५ वाजून १ मिनिट ३० सेकंद.